पुणे–बारामती–पुणे : पहिल्या दोनशे किलोमीटरची तयारी

मोरगावहून जेजुरीकडे परत येताना रस्ता सपाट दिसतो. दोन्ही बाजूंना माळ, मधूनच ज्वारीचं शिवार, लांबवर पुरंदरची डोंगररांग. डोळे सपाट म्हणतात, पाय चढ म्हणतात, आणि खरं पायांचं असतं. बारामतीपेक्षा सासवड दोनशेएक मीटर उंचावर आहे. ती उंची इतकी हळूहळू चढावी लागते की कुठे चढलो हे दाखवता येत नाही. माझी पहिली दोनशेची राईड इथेच, १४५ व्या किलोमीटरच्या आसपास संपली. सायकल ठणठणीत होती, हवा छान होती, पायांत गोळेही आले नव्हते. पण पहाटेपासून पोटात गेलं होतं ते दोन केळी, एक प्लेट पोहे आणि चार कप चहा. हात थरथरायला लागले, डोकं सुन्न झालं, रस्त्याकडेच्या दगडावर बसले ती उठवेना. शेवटी एका टेम्पोत सायकल टाकून घरी आले.

पुढच्या डिसेंबरात तोच रस्ता तेरा तासांच्या आत पूर्ण केला. वेग जवळपास तोच होता. फरक पडला तो खाण्यात, थांबण्यात आणि पहिल्या दोन तासांत. त्यानंतर बऱ्याच मैत्रिणींना आणि सहकाऱ्यांना या रस्त्यावरून पहिलं दोनशे करताना पाहिलं आहे. जे अडकले ते बहुतेक याच तीन ठिकाणी अडकले. म्हणून हा लेख एका ठराविक रस्त्यावर बेतला आहे: स्वारगेट, हडपसर, दिवे घाट, सासवड, जेजुरी, मोरगाव, बारामती आणि परत. तुम्ही दुसऱ्या गावचे असाल तर तुमचा रस्ता घ्या; हिशेब तोच राहील.

आधी घड्याळाचा हिशेब

दोनशे किलोमीटरला मुदत किती धरायची? जगभर चालत आलेला मापदंड म्हणजे ब्रेव्हे, आपल्याकडे सगळे बीआरएम म्हणतात ती राईड. ही शर्यत नसते, क्रमांक नसतात. ठरलेल्या वेळेत, कुणाची मदत न घेता अंतर पूर्ण करायचं. २०० किलोमीटरला १३ तास ३० मिनिटं, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. नियम फ्रान्समधल्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या १९०४ साली स्थापन झालेल्या संस्थेचे, आणि पुण्या-मुंबईसह महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत या राईड होतात. तुम्ही अधिकृत ब्रेव्हेत उतरा किंवा मैत्रिणीबरोबर आपलं आपण करा, साडेतेरा तासांची मर्यादा स्वतःला घालून घ्या. ती माणुसकीची आहे, पण ढिली नाही.

आता आकडे मांडू. चालत्या सायकलीचा सरासरी वेग ताशी २० असेल तर दोनशेला १० तास लागतात. हातात उरतात साडेतीन तास: नाश्ता, जेवण, पंक्चर, लघवी, फोटो, सगळं त्यात. समजा वेग २२ वर नेला, तर सव्वानऊ तासांच्या थोडं आत काम होतं, म्हणजे पाऊण-एक तास वाचला. पण दोन किलोमीटरने सरासरी वाढवायला कित्येक महिन्यांचा घाम लागतो. तोच तास सहा थांब्यांवरची दहा-दहा मिनिटं कमी करून वाचतो, आणि त्याला कसलाही सराव लागत नाही. वेळ रस्त्यावर कमी जातो, टपरीवर जास्त जातो. चहा सांगितला, तो उकळेपर्यंत बसलो, मग कुणीतरी मिसळ सांगितली, मग कुणाला घरी फोन करायचा होता. असे चाळीस मिनिटांचे तीन थांबे झाले की परतीच्या उन्हात तुम्ही घड्याळाशी भांडत बसता.

बारामती जवळपास शंभर किलोमीटरवर आहे. ब्रेव्हेच्या मधल्या कंट्रोलची, म्हणजे वाटेत हजेरी नोंदवायच्या ठिकाणाची, मुदत साधारण ताशी १५ च्या हिशेबाने बंद होते, म्हणजे शंभराव्या किलोमीटरवर ६ तास ४० मिनिटं. पहाटे साडेपाचला निघालात तर १२ वाजून १० मिनिटांपर्यंत बारामती. पण इथे मुदत गाठून समाधान मानू नका. परतीचा अर्धा भाग दुपारचा, चढाचा आणि थकल्या पायांचा आहे. सव्वाअकरापर्यंत पोचलेलं बरं.

महिना कोणता, दिवस कोणता

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य. त्यानंतर जेजुरी ते बारामती हा उघडा पट्टा दुपारी तापतो, आणि सावलीला झाडं फारशी नाहीत. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो, म्हणजे जाताना पाठीशी आणि येताना थेट तोंडावर. जाताना ताशी ३० पाहून हरखून जाणाऱ्यांना परतीला १४ सुद्धा जड होतात. एरवीही आदल्या रात्री वाऱ्याची दिशा आणि वेग बघा. चढापेक्षा वारा माणसाला लवकर मोडतो, कारण चढ कधीतरी संपतो.

दिवस निवडताना पंचांग हाताशी ठेवा, हे अगदी मनापासून सांगते. सोमवती अमावास्येला जेजुरीत पाय ठेवायला जागा नसते. चतुर्थीला मोरगावला मयूरेश्वराच्या दर्शनाची गर्दी. आषाढी वारीच्या दिवसांत दिवे घाट माउलींच्या पालखीचा असतो, त्या दिवसांत तिथे सायकलने जाण्यापेक्षा वारकऱ्यांबरोबर चालायला जा. आणि साखर कारखाने सुरू झाले की, साधारण दिवाळीनंतर, या सगळ्या भागात उसाच्या जोड-ट्रॉल्या रस्त्यावर येतात. कित्येकांना मागे दिवा नसतो, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो. अंधारात या ट्रॉल्यांच्या मागे चिकटून कधीही चालवू नका, आणि ओलांडताना समोरचा रस्ता पूर्ण मोकळा दिसल्याशिवाय बाहेर निघू नका. दिवे घाटाच्या रस्त्यावर रुंदीकरणाची कामंही चालतात. आठवडाभर आधी कुणाकडून तरी सध्याची अवस्था विचारून घ्या.

सायकल, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बसणं

कुठली सायकल घेऊ, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याचं महत्त्व सगळ्यात कमी आहे. वाकलेल्या हँडलची रोड बाईक उत्तम, सरळ हँडलची हायब्रिडही चालते. दोनशेसाठी नवी सायकल घ्यायची गरज नाही. आहे त्या सायकलीचे टायर, ब्रेक आणि चेन नीट हवेत. टायर २८ किंवा ३२ मिलिमीटरचे असले तर आपल्या रस्त्यांना बरे. हवा टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्यापर्यंत भरू नका. सत्तरएक किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये ८० पीएसआयच्या आसपास पुरते, ३२ च्या टायरमध्ये त्याहून कमी. दगडासारखा टायर वेगवान वाटतो, पण खडबडीत डांबरावर प्रत्येक हादरा मनगटात आणि कमरेत जातो, आणि दहा तासांनी त्याची वसुली होते.

गिअर हलके असू द्या. पुढे ५० आणि ३४ दातांची चक्रं आणि मागे ३२ किंवा ३४ दातांचं मोठं चक्र असेल तर दिवे घाट बसून, श्वास सांभाळून चढता येतो. जड गिअर रेटत चढणं दिसायला ताकदीचं दिसतं. गुडघे त्याचा हिशेब ठेवतात. पाय मिनिटाला ८० ते ९० फेरे फिरतील असा गिअर सपाटीवर ठेवा, घाटात तो आकडा ६५-७० वर आला तरी चालेल.

बसण्यावर मात्र वेळ घालवा आणि जमलं तर पैसाही. जाणकाराकडून बाईक फिट, म्हणजे सायकल आपल्या अंगाच्या मापाला जुळवून, घेता आली तर तो खर्च वसूल होतो. नाहीतर घरी एवढं करा: भिंतीला टेकून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल खाली नेलं की गुडघा सरळ व्हायला हवा. मग चालवताना पावलाचा पुढचा भाग पेडलवर आला की गुडघ्यात हलकासा वाक राहतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे, मागच्या बाजूला दुखत असेल तर वर आहे. बदल एकावेळी पाच मिलिमीटरपेक्षा जास्त करू नका, आणि मुख्य राईडच्या आधीच्या तीन आठवड्यांत अजिबात करू नका. करंगळी आणि अनामिका बधिर व्हायला लागल्या तर तळहाताच्या कडेच्या नसेवर दाब येतोय असं समजा. दर दहा-पंधरा मिनिटांनी हँडलबारवर हाताची जागा बदला, कोपर सैल सोडा.

पॅडेड शॉर्ट्स हवीच, आणि तिच्या आत दुसरं काही घालायचं नाही. शिवणीच घासतात आणि फोड आणतात. मांडीच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी व्हॅसलिन सढळ हाताने लावा. बायकांसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगते, कारण त्या कुणी बोलत नाही. सीट तुमच्या बैठकीच्या हाडांच्या रुंदीची हवी. पुरुषांच्या सायकलीबरोबर आलेली अरुंद सीट सहन करत राहू नका. आणि खांद्यावर पट्टे असलेली बिब-शॉर्ट लांबवर आरामशीर असली तरी लघवीला जाताना जर्सी काढावी लागते. पेट्रोल पंपावरच्या कोंदट स्वच्छतागृहात ते फार त्रासाचं होतं. मी साधी कमरेची शॉर्ट्स घालते. स्वच्छतागृह टाळायचं म्हणून पाणी कमी प्यायची आपली जुनी सवय आहे, ती इथे घरी ठेवून या. वाटेतले बरे पेट्रोल पंप सरावाच्या राईडमध्येच हेरून ठेवा.

बारा आठवडे

तुम्ही आज चाळीस किलोमीटर न थांबता चालवू शकत असाल, तर दोनशेला बारा आठवडे पुरतात. त्याहून कमी असेल तर आधी महिनाभर आठवड्यातून तीनदा तासभर चालवा आणि मग सुरुवात करा. वय चाळिशीच्या पुढे असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, तर सुरुवातीलाच डॉक्टरांना दाखवून घ्या. छातीत दाब, घेरी, अनियमित धडधड यातलं काहीही सरावात जाणवलं तर तिथेच थांबा.

नोकरी सांभाळून जमेल असा आठवडा असा. मंगळवारी पहाटे तासभर, त्यात कुठल्याही चढावर पाच मिनिटं जोर लावायचा, पाच मिनिटं सैल सोडायचं, असं चार वेळा. गुरुवारी तासभर अगदी सावकाश. शनिवारी जमलं तर दीड तास. रविवारी लांबची राईड. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं घरीच स्क्वॉट, प्लँक आणि पाठीचे व्यायाम. शेवटच्या पन्नास किलोमीटरमध्ये पायांच्या आधी कंबर आणि मान बोलायला लागतात, म्हणून हे टाळू नका.

रविवारच्या राईडचं अंतर बारा आठवड्यांत असं वाढवा: ४०, ५०, ६५, मग विसाव्याचा आठवडा ४०. पुढे ६५, ८०, १००, पुन्हा विसावा ६०. शेवटचा टप्पा १००, १३५, ७०, आणि मग दोनशे.

या आकड्यांमागे रस्ताच आहे. स्वारगेटहून सासवडला जाऊन-येऊन ६५ च्या घरात होतात, जेजुरीला शंभर, मोरगावला १३५. म्हणजे प्रत्येक टप्प्यात तुम्ही त्याच रस्त्यावर एक गाव पुढे जाता. मला ही पद्धत सगळ्यात भावते. मोरगाव गाठून परत आलेल्या माणसाला दोनशेच्या दिवशी अनोळखी असतात ते फक्त मोरगाव ते बारामती आणि परत, एवढेच पासष्ट-सत्तर किलोमीटर. घाट, वळणं, खड्डे, कुठल्या गावाच्या वेशीवर रंग न दिलेला स्पीडब्रेकर आहे, कुठे कुत्री मागे लागतात, हे सगळं पाठ झालेलं असतं. नागपूरकरांनी रामटेकच्या रस्त्यावर, नाशिककरांनी त्र्यंबकच्या, कोल्हापूरकरांनी पन्हाळ्याच्या बाजूला अशी शिडी बांधावी. दर वेळी नवा रस्ता शोधण्याची हौस नंतर भागवता येते. आणि नकाशाने द्रुतगती मार्ग सुचवला तर तो बाजूला ठेवा. मुंबई–पुणे एक्सप्रेसवेवर सायकलला मनाई आहे.

रविवारची राईड कुठल्या वेगाने करायची? शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येईल अशा. तुटक शब्द यायला लागले की वेग जास्त आहे. नव्या माणसाला हे फार अवघड जातं, कारण ताजे पाय सैल चालवायला तयार नसतात. पण शरीर चरबी जाळायला, लहान रक्तवाहिन्या वाढवायला आणि तासन् तास बसायला शिकतं ते याच संथ तासांत. दर राईड धापा टाकत केली तर मंगळवारचा जोरही लागत नाही आणि रविवारचं अंतरही वाढत नाही.

सरावात २०० पूर्ण करायची गरज नाही. १३५ नीट, खाऊन-पिऊन, दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाण्याइतपत शाबूत राहून झाले तर उरलेले ६५ होतात. आणि विसाव्याचे आठवडे गाळू नका. पाय भरून आलेत, झोप लागत नाही, सकाळी उठल्यावर नाडी नेहमीपेक्षा जलद आहे, चिडचिड होतेय, ही थकवा साचल्याची चिन्हं आहेत. अशा वेळी एक राईड कमी केल्याने काही बिघडत नाही.

पोट

आता माझ्या त्या दगडाकडे येते. स्नायूंमध्ये आणि यकृतात मिळून साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम साखर साठलेली असते. ती दीड ते दोन हजार कॅलरी देते. दोनशे किलोमीटरला त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतात. उरलेलं काही चरबीतून येतं, पण साखरेची जोड संपली की चरबीचा चुलाही नीट पेटत नाही, आणि मेंदू तर साखरेवरच चालतो. म्हणून आधी डोकं जातं, मग पाय. त्या अवस्थेतून परत यायला अर्धा-पाऊण तास लागतो; तिथपर्यंत पोचायचंच नाही, हा एकच उपाय.

तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ, पहिल्या तासापासून. मध्यम केळ्यात साधारण पंचवीस ग्रॅम असतात. म्हणजे तासाला एक केळं आणि तीन-चार खजूर, किंवा दोन राजगिऱ्याचे लाडू आणि थोडा गूळ, असं काहीतरी. मी जर्सीच्या खिशात चिक्कीचे लहान तुकडे, बिया काढलेले खजूर आणि एक मीठ लावलेली गूळपोळी चार तुकडे करून ठेवते. फोनवर दर वीस मिनिटांनी गजर लावलेला असतो; वाजला की एक घास आणि दोन घोट. भूक आहे का, हे विचारायचंच नाही. भूक लागली म्हणजे उशीर झाला.

पोहे, इडली, दहीभात, उसाचा रस चांगले. मिसळ, वडापाव, साबुदाणा वडा राईड संपल्यावर. तेलकट खाल्लं की रक्त पोटाकडे जातं आणि पाय जड होतात. बारामतीला शंभर किलोमीटर झाल्याच्या आनंदात थाळी मागवायची इच्छा होते. मी तिथे दहीभात किंवा साधा वरणभात अर्ध्या पोटी खाते आणि उरलेलं पुढच्या दोन तासांत थोडं थोडं घेते. जेल, एनर्जी बार घ्यायचे असतील तर सरावात पोटाला मानवतात का ते आधी बघा. त्या दिवशी पहिल्यांदा काहीही खायचं नाही.

पाण्याचं माप प्रत्येकाचं वेगळं. काढायची सोपी रीत: तासाभराच्या राईडच्या आधी आणि नंतर, अंग पुसून, वजन करा. किलोभर कमी झालं असेल आणि अर्धा लिटर पाणी प्यायला असाल, तर तुमचा घाम तासाला दीड लिटर. हिवाळ्यात बहुतेकांना तासाला अर्धा ते पाऊण लिटर पुरतं, उन्हात जास्त. मात्र नुसतं पाणी ढोसत राहणं धोक्याचं आहे. घामातून मीठ जातं, वरून साधं पाणी जात राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस तहान समजून अजून पाणी पितो. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. पुडी ज्या मापाच्या पाण्याला आहे तितक्याच पाण्यात कालवा, दाट करू नका. वाटेत ताक मिळालं तर मीठ जास्त घालून घ्या.

वेदनाशामक गोळ्या खिशात ठेवून मधेमधे घेणारे लोक मी पाहिले आहेत. घाम गेलेल्या शरीरात आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. गोळी घेतल्याशिवाय पुढे जाता येत नसेल तर राईड तिथे थांबवावी, हे माझं स्पष्ट मत आहे.

बरोबर काय घ्यायचं

दोन ट्यूब, पंक्चरचे पॅच, टायर लिव्हर, लहान पंप, मल्टीटूल, तुटलेली चेन जोडायला एक क्विक लिंक, आणि फाटलेल्या टायरला आतून लावायला जुन्या टायरचा चार इंची तुकडा. रोड बाईकच्या ट्यूबला प्रेस्टा, म्हणजे बारीक तोंडाचा, व्हॉल्व्ह असतो. पेट्रोल पंपाची किंवा गावच्या दुकानातली हवेची नळी त्याला बसत नाही. त्यासाठी पितळी अडॅप्टर मिळतो, बोटाच्या पेराएवढा. तो व्हॉल्व्हवरच लावून ठेवा. आणि सोबत साहित्य असून उपयोग नाही, हात बसलेला हवा. घरी, दिवा मालवून, मागचं चाक काढून ट्यूब बदलायचा सराव दोनदा करा.

पुढचा-मागचा दिवा, परावर्तक जाकीट आणि हेल्मेट यांवर तडजोड नाही. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि तुमचे शेवटचे किलोमीटर हडपसरच्या संध्याकाळच्या गर्दीत असणार. ओळखपत्र, रोख पैसे, घरच्यांना लोकेशन, आणि परतीचा पर्याय ठरलेला असू द्या: सासवडहून, जेजुरीहून सायकल घेऊन येईल असं कोण आहे, त्याचा नंबर कुठला. हे ठरलेलं असलं की मन मोकळं चालवतं.

तो दिवस

आदला आठवडा हलका. मंगळवारी, गुरुवारी अर्धा-पाऊण तास सैल, त्याहून काही नाही. आदल्या रात्री झोप लागत नाही हे गृहीत धरा आणि त्याच्याही आदल्या दोन रात्री नीट झोपा. संध्याकाळी भात-वरण, भाजी कमी, उसळ नको. सगळं सामान रात्रीच मांडून ठेवा.

पहाटे साडेपाचला स्वारगेट. हडपसरपर्यंत रस्ता रिकामा असतो आणि पाय फुरफुरत असतात. इथेच स्वतःला आवरा. वडकीपासून दिवे घाट सुरू होतो, उजाडता उजाडता मस्तानी तलाव खाली दिसतो. कुणी पुढे जात असेल तर जाऊ द्या. या घाटात कमावलेली पाच मिनिटं संध्याकाळी अर्ध्या तासाने फेडावी लागतात. सासवड सव्वासातला, न थांबता, फक्त बाटली बघून पुढे. जेजुरी आठच्या सुमाराला, तिथे पंचवीस मिनिटं: पोहे किंवा इडली, लघवी, बाटल्या भरणं. मोरगाव साडेनऊच्या आत. तिथून बारामती सव्वाअकरा. या पट्ट्यात उतार नकळत साथ देतो आणि सगळ्यांना आपण फार जोरात आहोत असं वाटतं. वेग दिसेल तेवढा दिसू द्या, जोर वाढवू नका.

बारामतीला चाळीस मिनिटं, घड्याळ लावून. मोजे काढा, पाय वर करून दहा मिनिटं आडवं व्हा, सनस्क्रीन पुन्हा लावा. बाराच्या आत निघायचं. मोरगाव दोनच्या सुमाराला. पुढचा तास, जेजुरीपर्यंतचा, या राईडचा सगळ्यात खडतर भाग आहे, म्हणून मोरगावला थांबून तहान नसली तरी ओआरएसची अर्धी बाटली आणि काहीतरी गोड घेऊनच निघा. इथे वेग १७ वर आला तरी चालतो. उरलेलं अंतर मोजू नका. पुढचं गाव, पुढचा फाटा एवढंच डोळ्यांसमोर ठेवा. जेजुरी तीन-सव्वातीन, सासवड साडेचार. तिथे जाकीट घाला, दिवे लावा, आणि घाट उतरताना वळणाच्या आधी ब्रेक मारा, वळणात नाही. दोन्ही ब्रेक मिळून, दाबून-सोडून. थकलेल्या बोटांना पकड लवकर येत नाही, तेवढं अंतर समोरच्या गाडीपासून ठेवा. सहा-सव्वासहाला स्वारगेट. एकूण पावणेतेरा तास, हातात पाऊण तास. पंक्चर झालं तर त्याचा वेळ यातून जाईल.

कुत्रं मागे लागलं तर वेग वाढवण्यापेक्षा थांबा, उतरा, सायकल मध्ये धरा आणि मोठ्याने हाड म्हणा. बहुतेक वेळा ते तिथेच थांबतं. दोघं-तिघं असाल तर एका ओळीत चाला, पुढच्याने खड्डा आला की हात खाली दाखवायचा आणि ओरडून सांगायचं.

घरी आल्यावर अर्ध्या तासात दूध-केळं किंवा ताक-भात, मग आंघोळ, मग जेवण. दुसऱ्या दिवशी अर्धा तास चाला किंवा सायकल अगदी हलकी फिरवा. आणि झोपायच्या आधी वहीत लिहून ठेवा: कुठे किती वाजता पोचले, कुठे किती वेळ बसले, काय खाल्लं, कुठे दुखलं. तीनशेला रात्रीचा प्रवास येतो, झोपेचा प्रश्न येतो. एकाच हंगामात २००, ३००, ४००, ६०० करणाऱ्यांना सुपर रँडोनिअर म्हणतात, आणि चार वर्षांतून एकदा होणाऱ्या बाराशे किलोमीटरच्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिसचा रस्ताही याच चार राईडमधून जातो. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मोरगावच्या पुढच्या त्या दगडाची नोंद आहे: १४५ किमी, दुपारी साडेतीन, खिशात दोन न खाल्लेल्या चिक्क्या.